बग्गीचा तिसरा पाटा

दत्तजयंतीला आठ-नऊ दिवस राहिले होते. दुकान बंद करायची वेळ. मी रॉकेलनं हात पुसत होतो आणि एक पिकअप येऊन थांबली. मागं दोरांनी आवळलेली वरातीची बग्गी. पांढरा रंग, सोनेरी वेलबुट्टी, लाल मखमलीची गादी, आणि मागचं डावं अंग बसक्या बैलासारखं खाली टेकलेलं. पोरगा उतरला तो थेट म्हणाला, "अप्पा, पाटा आखो तुटना."

आखो तुटना म्हणजे परत तुटला, आणि तेही तिसऱ्यांदा. पहिला पाटा बग्गीसोबत आलेला. दुसरा त्यानं बाहेर कुठंतरी टाकून घेतला. तिसरा मी टाकला होता, दिवाळीच्या आधी, याच दुकानात. त्यामुळे शिव्या द्यायला दुसरं कुणी सापडेना.

धुळ्याला मुंबई-आग्रा रस्ता आणि सुरत-नागपूर रस्ता एकमेकांना कापतात. तिथून जवळच माझं पाट्यांचं दुकान आहे. कांद्याचे, कापसाचे, सिमेंटचे ट्रक येतात, एकतीस वर्षं येतायत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ट्रकच्या चाकाजवळ एकावर एक रचलेल्या वाकड्या पोलादी पट्ट्या दिसतात ना, ते पाटे. सगळ्यांत लांब तो मेन पाटा. त्याची दोन्ही टोकं वळवून नळी केलेली असते आणि त्या नळ्यांतून बोल्ट जाऊन तो गाडीच्या सांगाड्याला धरलेला असतो. मधोमध सगळ्या पट्ट्यांना एक भोक, त्यात सेंटर बोल्ट. आणि ही सगळी गड्डी आसावर आवळून धरायला दोन यू-बोल्ट. बग्गीला असे चार संच. ट्रकपेक्षा लहान, बाकी वेगळं काही नाही.

दिवाळीच्या आधी मी काय केलं होतं? तुटलेला पाटा काढला, त्याच मापाचा नवा बसवला, आणि वर शहाणपणा म्हणून एक पट्टी जास्तीची घातली. मजबूत होईल म्हणून. जुनेच यू-बोल्ट पुन्हा आवळले, पैसे घेतले, पोरगा गेला. खाली वाकून पाहिलंच नाही. ट्रकवाला असता तर मी असं केलं नसतं. बग्गी म्हणजे शोभेचं काम, तिला काय होतंय, असं वाटलं असणार मला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बग्गी घोड्यांवर चढवली (लाकडी घोडे, खरे नव्हेत) आणि तिच्याखाली पाठीवर झोपलो. आधी तुटलेला पाटा हातात घेतला. तुटला होता बरोबर मधल्या भोकावर. पोरगा म्हणाला, आधीचे दोनही तिथंच तुटले होते.

इथं थोडं थांबतो, कारण माझ्या धंद्यातलं अर्धं शहाणपण याच एका खुणेत आहे. पाटा यू-बोल्टच्या बाहेर, म्हणजे तो ज्या बैठकीवर टेकतो तिच्या काठावर तुटला, तर ओझं जास्त झालं किंवा पाटा थकला असं समजायचं. मधल्या भोकावर तुटला तर यू-बोल्ट ढिले होते. दोन यू-बोल्टांच्या मधला भाग घट्ट आवळलेला असेल तर तो वाकतच नाही, आसाचाच तुकडा होऊन जातो. मग तिथं भोक असलं काय आणि नसलं काय. पण नट जरा ढिले झाले की तोच भाग वाकायला लागतो, आणि भोकामुळं पोलाद तिथंच सगळ्यांत कमी. हजारदा वाकला की तडा जातो. वरून नवा पाटा टाका, दोन टाका, पोलाद कुठलंही आणा, तो त्याच जागी तुटणार. मी एक पट्टी जास्तीची घालून काय केलं? पाटा कडक केला. खड्ड्याचा जो दणका पाट्यानं पचवायचा, तो सरळ नटांवर ढकलला. ते आणखी लवकर ढिले झाले.

यू-बोल्ट पाहिले तर हार्डवेअरच्या दुकानात मिळते तसली आट्यांची सळई वाकवून केलेले. आठ मिलिमीटर. वाक अर्धगोल आणि खालचा पाटा चपटा, म्हणजे बोल्ट पाट्याला दोन कोपऱ्यांवरच टेकणार. आवळताना वाटतं घट्ट झालं. दोन वराती झाल्या की ते कोपरे दबतात आणि तेवढी ढील तयार. नट एकेकच, त्यावर आवळायचा दुसरा चेक नट नाही, वॉशर नाही. आसाच्या आणि पाट्याच्या मध्ये लाकडाचा ठोकळा, तोही कसल्यातरी कच्च्या लाकडाचा. आमच्याकडं मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला जातो. असा ठोकळा उन्हाळ्यात वाळून आक्रसतो, पावसाळ्यात फुगतो, दिवाळीनंतर परत आक्रसतो. ठोकळा सुताभर जरी बारीक झाला तरी आवळलेला नट मोकळा. कुणी फिरवला नाही, आपण होऊन फिरला नाही, तरी मोकळा.

इथवर नेहमीचं होतं. टोकांकडं गेलो आणि उठूनच बसलो.

दोन्ही टोकं पक्की होती. सांगाड्याला दोन पत्रे वेल्डिंगनं चिकटवलेले आणि त्यांतून सरळ बोल्ट, पुढंही तसंच आणि मागंही तसंच. शॅकल नाही.

शॅकल म्हणजे झुलती कडी. वरची पिन सांगाड्यात, खालची पाट्याच्या नळीत, मध्ये दोन पट्ट्या. ती का लागते ते पोराला तोंडानं सांगून पटेना, म्हणून एक नवा पाटा जमिनीवर पालथा ठेवला, टोकांखाली ऑईल लावलेले पत्रे सरकवले आणि टोकांना खडूनं खुणा केल्या. टोकापासून टोकापर्यंत छत्तीस इंच, मधलं पोट चार इंच उंच. मग मी, पोरगा आणि पिकअपचा ड्रायव्हर एकमेकांचे खांदे धरून त्याच्यावर उभे राहिलो. समोरचा चहावाला चहा ओतायचा थांबून बघत होता. पोट दोनेक इंच दबलं आणि टोकं खुणांच्या पुढं सरकली. ड्रायव्हरनं वाकून टेप लावला. दोन्हीकडचं मिळून पाऊण इंचाच्या वर. वाकडी वस्तू सरळ व्हायला लागली की लांब होणारच. ती लांबी जाणार कुठं? दोन्ही टोकं बांधली असतील तर पाटा पाट्यासारखा वागत नाही, बांधलेल्या काठीसारखा वागतो. पत्रे वाकवतो, वेल्डिंग उकलतो, बोल्टची भोकं लंबगोल करतो. बग्गीच्या डाव्या मागच्या पत्र्याला खरंच केसाएवढी चीर होती. रंगाच्या वेलबुट्टीखाली झाकलेली.

माझे आबा म्हणायचे, "लोखंडले बी हालाले जागा लागस."

आबा धुळे स्टेशनवर टांगा चालवायचे. चाळीसगावहून धुळ्याला रेल्वे आली ती १९०० साली, आणि गाडीच्या वेळेवर स्टेशनाबाहेर टांग्यांची रांग लागायची ती माझ्या लहानपणापर्यंत मी पाहिलेली आहे. मग रिक्षा आल्या. ते सगळ्यांना माहीत आहे, त्यात पडत नाही. आबांची सकाळची एक सवय सांगायची आहे. घोड्याला चंदी घातली की ते पाना उलटा धरून टांग्याखालच्या एकेका नटावर टिचकी मारत जायचे. घट्ट नट टण्ण बोलतो. ढिला नट खड् करतो, मातीच्या भांड्याला तडा असल्यासारखा. मला वाटायचं हा काहीतरी देवाधर्माचा प्रकार आहे. घोड्यासाठी करतात हे फार उशिरा कळलं. टांग्याला दोनच चाकं. एका बाजूचा पाटा आसावर सरकला की आस तिरका होतो, टांगा एका अंगाला ओढतो, आणि दांड्यांचा हिसका रोज घोड्याच्या पाठीवर एकाच जागी बसतो. आठवड्यात पाठ लागते. लागलेल्या पाठीचा घोडा घरी उभा, म्हणजे घरात चूल थंड. नट वाजवून पाहणं त्यापेक्षा स्वस्त.

आबांच्या टांग्याला मागच्या बाजूला झुलत्या कड्या होत्या. पिनेभोवती पितळी नळ्या, म्हणजे बुश होते. आणि आस व पाट्याच्या मध्ये जो ठोकळा होता तो अंजनाचा. अंजन आमच्या सातपुड्याच्या अंगाला होतो, पाण्यात टाकला तर बुडतो इतकं जड लाकूड, आणि मुरलेलं असलं की फुगणं-आक्रसणं अगदी कमी. बैलगाडीच्या चाकाचा तुंबा करायलाही लोक अंजन शोधायचे. ठोकळ्यावर चामड्याचा तुकडा असायचा, जुन्या मोटेतला. विहिरीवर इंजिनं आली, मोटा बाद झाल्या, आणि त्यांचं तेल-पाणी प्यालेलं चामडं टांग्यांच्या पाट्यांखाली गेलं. पोलादाला पोलाद घासत नाही, आवाज येत नाही आणि पकडही चांगली बसते.

आता प्रश्न असा की बग्गी बनवणाऱ्याला हे कसं कळलं नाही? तो काही अडाणी नसणार. वेल्डिंग सरळ होतं, रंगकाम तर फारच सुरेख. याचं उत्तर माझ्या मुलीनं दिलं. ती मेकॅनिकलचा डिप्लोमा करतेय. रात्री जेवताना मी चरफडत होतो (भरीत आणि कळण्याची भाकरी, चरफडायला तसं काही कारण नव्हतं) तर तिनं मोबाईलवर जुन्या विलायती बग्ग्यांची चित्रं काढून दाखवली. त्यांत पाटे दोन, एकमेकांकडे तोंड केलेले, टोकाला टोक जोडलेलं. दोन्ही मिळून अंड्यासारखा आकार. खालचा आसावर, वरचा बग्गीच्या पोटाला. लंडनच्या ओबादाया एलियट नावाच्या गाडी बनवणाऱ्यानं १८०४ साली याचं पेटंट घेतलं होतं. त्याच्या आधी बग्गीची पेटी चामड्याच्या पट्ट्यांवर लटकवलेली असायची, आणि पुढचा-मागचा आस जोडायला पोटाखालून एक लांबलचक तुळई लागायची. एलियटच्या पाट्यांनी पेटी सरळ आसांवर उचलून धरली, तुळई गेली, गाडी हलकी झाली.

त्या अंड्यात शॅकल नाही. टोकं नुसत्या बोल्टनं जोडलेली. कारण ओझं आलं की वरचा पाटा जेवढा लांबतो तेवढाच खालचाही लांबतो, दोघं बरोबरीनं पसरतात, कुणी कुणाला अडवत नाही. आमच्या बग्गीवाल्यानं चित्र पाहिलं, टोकाला बोल्ट आहे हे पाहिलं, आणि खर्च वाचवायला वरचा पाटा काढून टाकून त्या जागी सांगाडा लावला. सांगाडा काही लांबत नाही. माझा तर्क आहे हा. पण दुसरं काही मला सुचत नाही, आणि जेवण झाल्यावर मला त्या माणसाचा राग थोडा कमी आला. त्यानं चित्रातलं दिसणारं सगळं घेतलं होतं. हालणारं चित्रात कसं दिसेल?

मग कामाला लागलो. बग्गी दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत जायची होती. दिवस कमी होते, त्यामुळं जे जमेल ते केलं.

माझी जास्तीची पट्टी आधी काढली. तुटलेला मेन पाटा बदलला. बाकीचे काढून पाहिले तर उजवीकडच्या एका पाट्यावर कुणीतरी वेल्डिंगचा टाका मारलेला. पाट्याला वेल्डिंग मारू नये हे मी पोराला तीनदा सांगितलं, इथंही सांगतो. पाट्याच्या पोलादाला पाणी दिलेलं असतं. वेल्डिंगच्या आचेनं ते जातं, टाक्याच्या शेजारी पोलाद काचेसारखं कडक होतं आणि तिथंच तुटतं. तोही पाटा फेकला.

यू-बोल्ट नवे, बारा मिलिमीटरचे, चौकोनी वाकाचे, म्हणजे अख्खी पाठ पाट्यावर बसते. आठ बोल्ट, सोळा नट, त्यावर सोळा चेक नट. जुने यू-बोल्ट पोरगा म्हणत होता की पुन्हा वापरू. नाही वापरायचे. एकदा ताणून आवळलेला आणि ढिला पडलेला यू-बोल्ट दुसऱ्यांदा तसा ताण धरत नाही, हे ट्रकवर मी पैसे मोजून शिकलोय. यू-बोल्टचे नट जिच्यावर आवळतात ती पट्टी चांगल्या जाड पत्र्याची केली. बैठकीच्या कडा कानशीनं गोल केल्या, कारण धारदार कड पाट्याला कापत जाते. सेंटर बोल्टचं डोकं बसायला बैठकीत नीट खड्डा पाडला. आधी ते डोकं ठोकळ्याच्या लाकडात नुसतं रुतलेलं होतं, म्हणून आस सरकत होता. हे काम दिसायला फार लहान आहे. पण आस तिरका होऊ न देणं हे सेंटर बोल्टच्या डोक्याचंच काम, यू-बोल्ट फक्त दाबून धरतो.

अंजन मिळालं नाही. लाकूडबाजारात विचारलं तर एका म्हाताऱ्यानं माझ्याकडं असं पाहिलं की मी वाघाचं कातडं मागतोय. मग जुन्या बैलगाडीचा बाभळीचा तुकडा मिळाला, वर्षानुवर्षं वाळलेला, त्याचे ठोकळे केले. मोटेचं चामडं कुठून आणणार? ट्रकच्या ट्यूबचं रबर घालायचा विचार होता, पण जाड रबर दबत राहतं आणि नट परत ढिले, म्हणून पातळ चामडंच चांभाराकडून आणलं.

टोकांचं काम सगळ्यांत मोठं. पुढची नळी पक्की ठेवली आणि मागं शॅकल घातल्या. मागचा आस बग्गीच्या मागून ओढला जातो, त्यामुळं ओढणारं टोक पक्कं आणि मागचं मोकळं असलेलं बरं, आस आपोआप सरळ रेषेत राहतो. शॅकल तीन इंचाची. आखूड केली तर मोठ्या खड्ड्यात ती आडवी पडून अडकते, आणि अडकली की आपण परत पहिल्या जागेवर. रिकाम्या बग्गीत ती थोडी पुढं कललेली ठेवली, माणसं बसली की सरळ लोंबते. चारही ठिकाणी पितळी बुश, ग्रीसची निप्पल. चिरलेला पत्रा कापून नवा लावला. तिथं वेल्डिंग चालतं, तो साधा पत्रा आहे.

शेवटी पट्ट्यांच्या कडेच्या क्लिपा. दणका बसून पाटा उलटा उसळताना खालच्या पट्ट्या मेन पाट्यापासून सुटू नयेत म्हणून त्या असतात. पोरानं हातोडीनं त्या आवळायला घेतल्या, तेवढ्यात हात धरला. यू-बोल्ट जेवढा आवळशील तेवढं चांगलं, पण क्लिपनं पट्टीला धरायचं आणि तरी सरकू द्यायचं असतं. एकाच पाट्यावर दोन उलटे नियम. माझ्या दुकानातली पोरं हे सहा महिन्यांनी शिकतात, हा पोरगा तिथंच शिकला. घोड्यांत वाढलेला आहे. तंग कुठं आवळायचा आणि लगाम कुठं सैल सोडायचा हे त्याला माहीत होतंच.

पैशांवरून थोडी कुरकुर झाली. मी दिवाळीच्या कामाचे पैसे वजा केले आणि विषय मिटला.

त्याला सांगितलं की सारंगखेड्याला पोचल्यावर, पहिल्या दिवशी बग्गी फिरवल्यावर, सगळे नट एकदा पुन्हा आवळ. नवा रंग, नवं चामडं, नवे बुश, सगळं पहिल्या दिवशी थोडं थोडं बसतं. आणि तो टिचकी मारून ऐकणारा नाही हे मला ठाऊक होतं, म्हणून प्रत्येक नटावरून बोल्टवर आणि बोल्टवरून पट्टीवर पांढऱ्या ऑईलपेंटची एक सरळ रेघ ओढून दिली. रेघ मोडली की नट फिरला. एवढं तर वरातीच्या गोंगाटातही दिसतं.

बग्गी दोंडाईच्यावरून सारंगखेड्याला गेली. तापीच्या काठी, एकमुखी दत्ताच्या यात्रेत, घोड्यांच्या बाजारात. मी गेलो नाही, मला घोड्यांच्या बाजारात गेलं की आबांचा घोडा विकलेला दिवस आठवतो. पोरानं फोटो पाठवले. एकात बग्गीत सात माणसं बसलेली होती. मी मोजली. उत्तर दिलं नाही.

यात्रा उलगडल्यावर तो येताना थांबला. पाटे शाबूत. मी टॉर्च घेऊन खाली शिरलो. सोळापैकी तेरा रेघा जशाच्या तशा. तीन मोडलेल्या, अर्ध्या आट्यानं, आणि तिन्ही डाव्या बाजूच्या. मी म्हटलं, आवळले नव्हतेस. तो म्हणाला, आवळले होते अप्पा, देवाशप्पथ. मग डावीकडंच का, म्हणून दोघं बग्गीभोवती फिरलो. पायरी एकच आहे, डावीकडं. जो तो तिथूनच चढतो, सगळं वजन एका पायावर घेऊन, आणि नवरदेवाला चढवताना तर आणखी दोघं त्याच पायरीवर उभे.

आता उजवीकडंही पायरी करायची म्हणतोय. तो म्हणतो, उजवीकडून नवरदेव चढवायला लोक तयार होणार नाहीत.